हुलसूरच्या वाटेचं ॲव्हरेज

भालकी
रविवार, १३ जुलै २०२५

थोरल्या पोराची, संगमेशची गाडी काल हैदराबादहून आली. तो दोन वर्षांसाठी जर्मनीला चाललाय. गाडी विकायला जीव होत नाही म्हणून आमच्या दारात आणून लावली. पेट्रोलवर चालते, करंटवरही चालते. रात्री मोबाईलसारखी भिंतीला टोचून ठेवायची, सकाळी पन्नासेक किलोमीटर नुसती बॅटरीवर पळते, पुढं पेट्रोल. "अप्पा, कंपनी लिटरला साठ सांगते," म्हणाला. म्हटलं, कंपनी सांगते ना, मग सांगू दे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसातल्या साखरेचा उतारा काढण्यात माझा जन्म गेला. मला नुसता आकडा ऐकवून कुणी गप्प बसवू शकत नाही.

गाडी त्याची बहीण शिवलीला वापरणार. ती बिदरला इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते, आजवर बसनं जायची. अक्कम्माचं, माझ्या बायकोचं म्हणणं, पोरीचं लग्न जमवायचं सोडून हे गाडीचं काय काढलंय. तिचंही खरं आहे. आळंदचा धोंडप्पा, माझा मावसभाऊ, त्यानं एक डॉक्टर मुलगा बघून ठेवलाय. श्रावण झाला की मंडळी येणार. शिवलीलाला विचारलं की म्हणते, "बघू अप्पा." पोरीचं हे बघू बघू लई दिवसांचं आहे, यंदा मात्र मी ऐकून घेणार नाही.

ॲव्हरेज मी मोजणार. दर रविवारी एकाच पंपावर, एकाच जागी गाडी उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटरचा काटा लिहायचा आणि भागाकार करायचा. अक्कम्मा म्हणाली, "रिटायर झालेल्या माणसाला देव कायतरी खेळणं देतोच."

रविवार, २० जुलै

फजिती झाली. आठवडाभर गाडी बिदरला गेली-आली आणि आज टाकीत चहाच्या कपाएवढं पेट्रोल बसलं. पंपावरचा माणूस माझ्याकडं संशयानं बघायला लागला. भागाकार केला तर लिटरला दोन हजाराच्या पुढं आलं. असं उत्तर आलं की शहाण्यानं उत्तराला नाही, प्रश्नाला तपासायचं असतं. करंट काय फुकट येतो? मग तो मोजायला नको? पोर्चमधल्या प्लगला आजच वेगळं छोटं मीटर बसवून घेतलं.

पण इथून बिदर चाळीस आणि परत चाळीस. बॅटरी तर पन्नासचीच. मग येताना पेट्रोल का लागलं नाही? शिवलीला म्हणाली, कॉलेजातही ती गाडी चार्जिंगला लावते. वर्कशॉपच्या मागं प्रेमानंद सरांनी एक प्लग काढून दिलाय. म्हटलं, मला त्यांच्याशी बोलायचंय. तिनं लगेच फोन लावून दिला. नंबर तोंडपाठ होता.

फार मुद्द्याचं बोलणारा माणूस. म्हणाले, "सर, या गाडीला एक ॲव्हरेज नसतंच. बॅटरी भरलेली असताना वेगळं, बॅटरी संपल्यावर वेगळं. कंपनी दोन्ही मोजते. मग गिऱ्हाईक साधारण किती फिरणं करंटवर करील याचा अंदाज धरते आणि त्यातून एक आकडा काढते. सगळी मेख त्या अंदाजात आहे."

"म्हणजे रोज न चुकता चार्जिंग करणारा माणूस धरलेला असतो?"

"व्हय सर. तसा माणूस कंपनीला सापडतो. आपल्याला रस्त्यावर सापडत न्हाई."

मी मनापासून हसलो. उसाचं असंच असतं. बुडख्याकडचं कांडं घेतलं तर उतारा ढीग येतो, शेंडा घेतला तर पाणचट. नमुना कुठला, कुणी आणि कधी घेतला हे विचारल्याशिवाय उताऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "सर, हे मी वर्गात सांगतो आता." मुलगा कन्नडही स्वच्छ बोलतो. नाव प्रेमानंद, म्हणजे घरात कुठल्यातरी मठाची भक्ती असणार. आपल्यातलाच, लिंगायत दिसतोय. लग्न झालंय का विचारायला पाहिजे होतं.

रविवार, ३ ऑगस्ट

दोन रविवार गणित बसेना झालंय. तीन-तीन, साडेतीन लिटर पेट्रोल जायलाय. जायला करंट, यायला करंट, मग पेट्रोल पितंय कोण? टाकीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, थेंब पडला नाही. पंपावर बाटलीनं माप तपासलं, माप बरोबर. वर काट्यावर दर आठवड्याला साठेक किलोमीटर जादा दिसायलेत.

शिवलीलाला म्हटलं, "हा काटा जादा पळतोय. संगमेशनं टायर बदललेत का? चाक लहान बसलं की काटा पुढं पळतो."

"असंल अप्पा," म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. जेवण अर्धं टाकून गेली. उन्हापावसाचा त्रास असावा.

सोमवार, ४ ऑगस्ट

श्रावणाचा सोमवार. आमच्या लिंगायतांच्या बसव मंटपात माझं बोलणं होतं. विषय दरवर्षीचाच, समता. पण यंदा रंगलं. बसवण्णांच्या शरणांनी आठशे वर्षांपूर्वी जात मोडली ती तोंडानं नाही, एका पंगतीला बसून आणि सोयरीक करून मोडली, त्यासाठी बसवकल्याणात रक्त सांडलं, आणि आपण काय करतो तर जयंतीला फेटे बांधतो, असं म्हटलं. टाळ्या पडल्या. दोघीतिघी बायकांनी डोळे पुसले. मंटपाबाहेर दोन माणसं पाया पडायला आली, मी पडू दिलं नाही.

परत येताना गाडीत शिवलीलानं विचारलं, "अप्पा, तुमी हे मनापासून बोलता?"

"मग काय पाठ करून बोलतो?"

तिनं गाडी आमच्या गल्लीत वळवली. मग म्हणाली, "बरं वाटलं." पोरीला बापाचं कौतुक वाटलं तर कुणाला आवडणार नाही.

रविवार, १० ऑगस्ट

आज काटा तपासला. अक्कम्माला शेजारी बसवलं आणि बिदर रस्त्याला लागलो. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड आला की तिनं ओरडायचं आणि मी काटा बघायचा, असं ठरलं. दोन दगडांनंतर ती म्हणाली, "जलमात पयल्यांदा फिरायला काढलं, तेबी दगडं मोजायला." तिची आणि माझी एक रीत आहे, ती भांडते कन्नडात आणि समजूत काढते मराठीत. हे मराठीत म्हणाली, त्यामुळं मी मनावर घेतलं नाही.

काटा दगडाला दगड बरोबर निघाला. म्हणजे साठ किलोमीटर खरेच आहेत.

परतताना मी सगळे दगड पुन्हा मोजले. अक्कम्माच म्हणाली, "काटा खोटं बोलत न्हाई. आता पोरीला इचारा."

मी विचारणार नाही. शिवलीला आजवर माझ्याशी खोटं बोललेली नाही. मी विचारलंच नाही तर तिच्यावर तशी वेळही येणार नाही. त्यापेक्षा पुढच्या शनिवारी मीच गाडीत बसतो. शनिवारी तिचं कॉलेज दुपारी सुटतं आणि घरी यायला तिला दिवे लागतात, हे माझ्या आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

काल तिला म्हटलं, उद्या मी येणार, शनिवारचा नमुना मला स्वतः घ्यायचाय. तिनं तपासायचे पेपर बाजूला ठेवले. मग म्हणाली, "या अप्पा. बरं होईल."

सकाळी बिदरला गेलो. कॉलेजच्या आवारात बसून पेपर वाचला. दुपारी निघालो. भालकी जवळ आली आणि तिनं गाडी गावात न घालता हुलसूरच्या रस्त्याला घेतली. थोड्या वेळानं बारीक गचका देऊन इंजिन सुरू झालं.

"बॅटरी संपली," मी म्हटलं.

"व्हय."

"आणि वाट चुकलीस."

"न्हाई अप्पा. पहिला आठवडा सोडला तर मी दर शनिवारी इकडंच येते. प्रेमानंद इथले आहेत. आम्हाला लग्न करायचंय. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. त्या दिवशी मंटपात तुमचं ऐकलं आणि झालं."

मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. मुलगा पसंतच होता. म्हटलं, एवढंच ना, वेडे, आधी सांगायचं. हे मी तिला मोठ्यानं म्हणालो. ती हसली, आणि पुढचा रस्ता आम्ही दोघं बडबड करत गेलो.

घर नीटनेटकं. प्रेमानंद दारात उभे होते. त्यांच्या आई सुमनबाई, अंगणवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या. हात जोडून म्हणाल्या, "जय भीम. या साहेब." मी नेहमीसारखं "शरणु" म्हटलं, पण आवाज माझा मलाच लांबून आल्यासारखा वाटला. भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाबासाहेबांचा फोटो. त्याच्या शेजारी, तेवढाच मोठा, बसवण्णांचा.

सुमनबाईंनी पाण्याचा पेला समोर ठेवला. मला आम्लपित्ताचा त्रास आहे, बाहेरचं पाणी सोसत नाही. तसं सांगितलं. हुलसूरच्या पाण्यात क्षारही जास्त आहेत. प्रेमानंदांनी बॅटरी संपल्यावरचं ॲव्हरेज काढून ठेवलं होतं, लिटरला अठरा. मोजण्याची पद्धत चोख होती. मी ते बघितलं, बरं म्हटलं आणि उठलो. पेला होता तिथंच होता.



रविवार, १७ ऑगस्ट

काल सकाळी कॉलेजच्या आवारात नळाला तोंड लावून मी दोनदा पाणी प्यालो होतो. हे काल लिहायचं राहिलं.

आज शिवलीलाला समोर बसवून सांगितलं. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण नातलग आहेत, समाज आहे, संगमेशच्या पोरांची उद्या सोयरीक व्हायचीय. सगळं सावकाश, न ओरडता सांगितलं.

ती म्हणाली, "अप्पा, मी तुमचं बोलणं ऐकतच लहानाची मोठी झाले. मला वाटलं होतं, ते घरासाठीबी आहे."

 थोबाडीत बसली असती तरी बरं वाटलं असतं. तिनं बॅग भरली. कॉलेजातली नेत्रावती म्हणून मैत्रीण बिदरला खोली करून राहते, तिच्याकडं चालली. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "गाडी संगमेशअण्णाची हाय," म्हणाली, आणि बसनं गेली.

रविवार, २४ ऑगस्ट

गाडी आठवडाभर दारात उभी आहे. बॅटरी भरलेली, टाकी भरलेली. पेट्रोल शून्य, करंट शून्य. खर्चाच्या बाबतीत एवढी चांगली गाडी जगात नसेल.

अक्कम्मा चूल पेटवते, भाकरी करते, आणि माझं ताट वाढून बाहेर जाऊन बसते. आज मी म्हटलं, "तुला माहीत होतं ना?"

"आईला न कळायला काय झालं? शनवारी पोरगी केसांची येणी बदलून जायची."

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी मीटर बसवायलेले." मग ती रडायलाच लागली. "मला तरी कुठं सोपं हाय? माझ्या माहेरची माणसं दारात येणार न्हाईत, हे मला कळत न्हाई का? रात रात डोळा लागत न्हाई. पण पोरगी कायमची गेली तर मी जेवू कुणासंग? तुमच्या आकड्यासंग?"

ती हे सगळं कन्नडात बोलली. मी मराठीत उतरवलंय.

रविवार, ३१ ऑगस्ट

धोंडप्पाला फोन केला. आठवडाभर टाळत होतो. वाटलं होतं, पोरीचं अजून मन नाही एवढं सांगून वेळ मारून न्यावी. तेवढ्यात त्यानंच विचारलं, "पोरीनं दुसरं कुठं बघितलंय का?"

म्हटलं, "व्हय. हुलसूरचा आहे. प्राध्यापक आहे."

"कुणापैकी?"

हा प्रश्न मीही आयुष्यभर विचारत आलोय. आज उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. सांगितलं. तिकडून नुसती त्याच्या अडत दुकानाची गडबड ऐकू येत होती, तुरीच्या पोत्यांची, हमालांची. मग धोंडप्पा अगदी मायेनं बोलला. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"अण्णा, तुमी लई चांगलं बोलता. तुमच्या भाषणाला कोण मना करायलंय? पण भाषण भाषणाच्या जागी असतंय. घर चालवायचं येगळं असतंय."

"मलाही तसंच वाटत होतं, धोंडप्पा. म्हणूनच मोडलंय सगळं. डॉक्टरच्या घरी कळव, आमच्या मुलीचं ठरलंय."

त्यानं फोन ठेवला.  माझी भीती गेली असं लिहिणं खोटं होईल. पाहुण्यांचे चेहरे डोळ्यांपुढं येतात. पण पोरीशिवाय हे घर मला नको झालंय, हेही तितकंच खरं आहे.

शिवलीलाला फोन करून म्हटलं, माझा होकार आहे. तिला हुंदका आला. सावरल्यावर म्हणाली, "अप्पा, सुमनमावशींना विचारायला पाहिजे."

विचारायचं काय त्यात? मुलीचा बाप स्वतः होकार घेऊन गेल्यावर नको कोण म्हणेल? पण रीत म्हणून जायला पाहिजे, आणि मी जाणार आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

हुलसूरला जाऊन आलो. अक्कम्मा म्हणत होती, पितृपक्ष चाललाय, नवरात्रात जाऊ. म्हटलं, बसवण्णांच्या माणसाला कसला पितृपक्ष. तिनं इरकलीचं लुगडं नेसलं, शेंगापोळ्या करून डब्यात घेतल्या. शिवलीला बिदरहून बसनं परस्पर आली होती. मला बघून जवळ आली आणि लहानपणीसारखी दंडाला धरून उभी राहिली.

पाणी आलं. मी पेला रिकामा केला. अक्कम्मानं तर आणखी मागून घेतलं. मग मी घसा साफ करून बोललो. तयारी करून गेलो होतो. आम्हाला हे लग्न मंजूर आहे, जात आम्ही मानत नाही, तुमचा मुलगा तो आमचा मुलगा, असं सगळं.

सुमनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमी व्हय म्हणायला आलात, बरं वाटलं. पण मी अजून व्हय म्हटलेलं न्हाई."

मी प्रेमानंदांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

"शिवलीला गुणाची हाय. तिच्याबद्दल माझी काय तक्रार न्हाई. पण माझं लेकरू तुमच्या घरी येणार. तुमचे पाव्हणे बसलेले असतील. तवा त्याला कुठं बसवणार?"

"माझ्या शेजारी," मी म्हटलं.

"हे तुमी आता बोलायलात. मी तुमाला मंटपातबी ऐकलंय, साहेब. श्रावणात. माझ्या शेजारची बाई रडायली, मीबी रडले. मग बारा दिवसांनी तुमी माझ्या दारात आलात आणि पेल्याला हात लावला न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गातल्या मुलाला समजावून सांगावं तसं सांगत होत्या. "आज पाणी प्यालात. पण आज तुमी ठरवून आलात. न ठरवता कसे वागता, ते मला बघायचंय. प्रेमानंद मला एकलाच हाय."

 मंटपात दरवर्षी बोलणारा मी, भिंतीवरच्या बसवण्णांच्या फोटोकडं बघत बसलो. शेवटी अक्कम्माच उठली, सुमनबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, तुमी या आमच्याकडं. बघा आमाला."

"येते की," सुमनबाई म्हणाल्या. "पण कवा येणार ते सांगणार न्हाई."

शिवलीला आमच्याबरोबर आली नाही. ठरेपर्यंत बिदरलाच राहते म्हणाली. आम्ही दोघं परत निघालो. बॅटरी कुठं संपली, इंजिन कुठं सुरू झालं, माझं लक्ष नव्हतं. टाकी भरायची राहिली. आज आकडा नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

काल आळंदहून धोंडप्पा आला, सोबत त्याचे दोघे पाहुणे. मला समजावायला आले होते. बोलणं ऐन रंगात आलं आणि फाटकाची कडी वाजली. वाटलं, सुमनबाई आल्या. अक्कम्मा स्वयंपाकघरातून पदर सावरत बाहेर आली. मी बोलता बोलता उठलो, आणि पाहुण्यांनी भरलेल्या बाकड्यावर माझ्या शेजारची जागा धोंडप्पाला सरकवून रिकामी केली.

दूधवाला होता. पाहुणे माझ्याकडं बघत राहिले. जागा मी तशीच रिकामी ठेवली.